काळजाला शून्य मार्क

पोळा होऊन आठ दिवस झाले तरी साखऱ्याच्या शिवारातून पाऊस हलायला तयार नव्हता. तळ्याच्या काठाला चिखल, चिखलात लुसलुशीत गवत, अन् त्या गवताला चटावलेली मेंढरं. चांगुणाबाई सकाळपासून एकेक मेंढरू दोन पायांत धरून जबड्याखाली बोट दाबून बघत होती. चौथ्या मेंढीला बोट रुतलं अन् खळगा तसाच राहिला.

"हिच्याबी गळ्याखाली पाणी उतरलं," ती करवादली. "हजारदा सांगितलं, तळ्याकडं नेऊ नका. ऐकतं कोण!"

ऐकणारा तेवढ्यात मेंढवाड्याच्या काट्या सारून आत येत होता. रखमाजी, तिचा नवरा. फाट्यावरच्या शाळेच्या हेडमास्तरानं सांगावा धाडला म्हणून तो सकाळीच गेला होता. जाताना धुतलेलं धोतर नेसून, मिशीला तेल लावून गेला होता. पोरगी दहावीत आहे, मास्तर काहीतरी चांगलं सांगतील म्हणून. आला तो मान खाली घालून. पटक्याच्या घडीतून त्यानं एक कागद काढला अन् तिच्यापुढं धरला.

"ह्यो काय हाये?"

"अंगठा द्यायचाय. माझा देऊन आलो, तुझा राह्यला. आईबापाचा दोघांचाबी लागतो म्हणले."

"कशावर दिला अंगठा?"

रखमाजीनं उगाच मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. "रागिणीचं नाव काढायचं म्हणतात शाळंतून. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. भायेरून परीक्षा द्यायची."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे काय, हे चांगुणाबाईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कागदावर लिहिलेलं असतं की पोरगी बाहेरून परीक्षेला बसणार. गेल्या साली तीन पोरींनी भरला होता. तिघींना दिवाळीनंतर हळद लागली, परीक्षेच्या बाकावर एकीचंही बूड टेकलं नाही.

"काहून? काय केलं तिनं? चोरी केली का मारामारी?"

"नापास हाये म्हणले. मशीननं सांगितलं."

"कोण मशीन?"

आता ह्या मशीनची कथा ऐका. त्या साली जूनमध्ये शाळेत चार संगणक आले. शहरातल्या कोण्या मंडळींनी त्यात जीवशास्त्र शिकवणारा मास्तर घालून दिला होता. प्रश्न विचारायचा तोच, उत्तर तपासायचा तोच, पोरगं कुठं कच्चं आहे ते सांगायचा तोच. हेडमास्तर माणिकराव पंधरा ऑगस्टच्या भाषणात म्हणाले होते, "याला नुसता संगणक म्हणू नका, याच्यात कृत्रिम बुद्धी आहे. हा मास्तर रजा मागत नाही अन् कधी चुकत नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. रखमाजीनं तर डोक्यावर हात नेऊन वाजवल्या होत्या. आधी जीवशास्त्र शिकवणाऱ्या निर्मलाबाई त्या दिवसापासून नुसती हजेरी घ्यायला उरल्या. मशीनपुढं हरिचंद नावाचा माणूस बसायचा, हिंगोलीला कोर्स केलेला. दिवसातून चार घंटे लाईट; तेवढ्या वेळात पोरांनी रांगेनं यायचं, उत्तर तोंडानं सांगायचं, हरिचंदनं ते बटणांवर बडवायचं.

असल्या मास्तरानं रागिणीला नापास केलं होतं.

पोरगी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. दप्तर खुंटीला लावून ती मुकाट मेंढीपाशी बसली अन् औषधाची बाटली हातात घेतली. चांगुणाबाईनं मेंढीचं तोंड वर धरलं, रागिणीनं गालाच्या कडेनं बाटली लावली. काम चाललं असताना चांगुणाबाईनं विचारलं,

"पह्यला सवाल काय इचारला त्यानं?"

"पित्त कुठं तयार व्हतं."

"मंग? तू काय सांगितलं?"

"काळजात."

"बराबर हाये की."

"मशीन म्हणलं, चूक."

चांगुणाबाईच्या हातातून मेंढीचं तोंड सुटलं. "चूक? मंग काय गुडघ्यात तयार व्हतं का?"

रागिणीला हसू आलं अन् हसता हसता रडू आलं. "तिथं लिहून आलं माय, काळीज म्हणजे हृदय. हृदय रक्त ढकलतं. पुन्हा प्रयत्न करा."

"हृदय म्हंजी?"

"दिल. आपुन दिल म्हणतो ते."

"अगं बाई! दिल अन् काळीज एकच करून टाकलं त्यानं?"

"मंग दुसरा सवाल बी तसलाच. शरीरातली सगळ्यात मोठी ग्रंथी कोणती? मी म्हणले, काळीज. चूक. जेवणातली साखर कुठं साठती? काळजात. चूक. जिथं चुकलं तिथंच ते मशीन परत परत इचारतं माय. म्हणून तर त्याला हुशार म्हणतात. विसातले सोळा सवाल त्यानं मला काळजावरच इचारले."

"अन् तुला दुसरा शब्द ठाऊक नव्हता?"

"ठाऊक व्हता. पुस्तकात यकृत हाये. पण निर्मलाबाईनंच शिकवलं व्हतं, यकृत म्हणजे आपलं काळीज, मेंढरू कापल्यावर बघतो तेच. मला वाटलं, कधीतरी मशीनलाबी कळंल. मी खरं तेच सांगत राह्यले." तिनं नाक पुसलं. "शेवटी शेवटी हारले अन् म्हणले, यकृत. तर त्यानं लिहिलं, अंदाजाने उत्तर देऊ नका."

वीसपैकी चार मार्क. खाली मशीननं शेरा छापला होता: या विद्यार्थिनीस हृदय व यकृत यांतील फरक समजत नाही.

चांगुणाबाईला तो शेरा रागिणीनं दोनदा वाचून दाखवला. सात पिढ्या मेंढरांमागं गेलेल्या घरातल्या पोरीला काळजाचा अन् दिलाचा फरक समजत नाही! चांगुणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पाचव्या वर्षी ह्या पोरीनं मेलेल्या कोकराच्या पोटात हात घालून विचारलं होतं, माय, हे हिरवं पाणी कशाचं? त्या दिवसापासून तिला एकेक अवयव बोट लावून दाखवला होता. ती सहीच्या जागी अंगठा देणारी आई होती खरी, पण मेंढराच्या पोटातलं तिच्याइतकं कोणाला कळत होतं?

"आपल्याला काय समजतं त्यातलं," रखमाजी बाजेवरून बोलला. "मशीन काय पैसे खातं का खोटं बोलायला?"

"खोटं बोलायला पैसेच लागतात का? न समजणारा फुकटच बोलतो."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. तीन कोस चिखल तुडवत. व्हरांड्यात चढली तशी शिपायानं चपला बाहेर काढायला लावल्या. काढल्या. मग हेडमास्तरांनी आतून पाहिलं अन् हात वर केला.

"बाई, तिथंच थांबा. आत आत्ताच फरशी पुसलीय."

त्याच फरशीवरून एक पांढऱ्या बुटांचा पाहुणा चिखलासकट आत गेला, त्याला कोणी काही म्हणालं नाही. चांगुणाबाई घंटाभर दाराशी उभी राहिली. व्हरांड्याच्या फळ्यावर नावांची यादी लावलेली होती. वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं पाणी प्यायला आलेल्या पोरीला विचारलं. शाळेतून काढायची नऊ नावं होती. नऊच्या नऊ वाडी-तांड्यावरची. गावातलं एक नाव असेल तर शपथ.

शेवटी माणिकराव स्वतःच दारात आले. गोरे, पोट पुढं, खिशाला दोन पेनं.

"सर, पोरीनं बराबर सांगितलं व्हतं. पित्त काळजातच तयार व्हतं."

"तुम्ही कितवी शिकल्यात?"

"म्या न्हाई शिकले. पण मेंढरं..."

"मग वाद कशाला घालता? काळीज म्हणजे हृदयच. आपण बोलताना म्हणत नाही का, काळीज धडधडतं? यकृत धडधडतं का कधी?"

व्हरांड्यातली पोरं फिदीफिदी हसली. चांगुणाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"ते बोलायला म्हणतो, सर. पोटात कावळे वरडतात म्हणतो, म्हणून कोणी पोट फाडून कावळे हुडकतं का?"

पोरं आता दुसऱ्या बाजूनं हसली. माणिकरावांचा चेहरा उतरला अन् आवाज चढला. "शनिवारपर्यंत अंगठा आला पाहिजे. नाहीतर उगाच पोरगी शाळेतच नापास होईल अन् तुमचंच नाव जाईल."

पलीकडच्या खोलीच्या दारात निर्मलाबाई उभ्या होत्या. बारीक चणीच्या, ठेक्यावरच्या बाई. दर साली हुकूम आला तरच नोकरी. चांगुणाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. "बाई, तुमीच शिकवलं न्हव का लेकराला? सांगा की सरांना."

निर्मलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, एकदा हेडमास्तरांकडं बघितलं अन् म्हणाल्या, "मला वर्गात जायचंय." अन् गेल्या. चांगुणाबाईला तेवढं मात्र फार लागलं. हेडमास्तराचं काय, तो परका. पण ही शिकवणारी!

तीन दिवस घरात धुसफूस चालली. रखमाजी मेंढरं घेऊन माळावर जायचा, आला की कागद कुठं ठेवला म्हणून विचारायचा. त्याच्या मावसभावानं सुचवलेलं स्थळ होतंच, वारंग्याकडचं. "पोरगी घरी बसल्यावर बघाया येतो म्हणतात," एवढं तो बोलला अन् चांगुणाबाईनं हातातलं लोकरीचं पुडकं त्याच्याकडं भिरकावलं.

"घरी बसवायची म्हणून नापास करून राहिले का नापास म्हणून घरी बसवून राहिले? आधी ते ठरवा."

"मास्तर लोकांशी कशाला वैर? उद्या सोसायटीत, पंचायतीत तीच माणसं."

"तुमी पह्यलाच अंगठा देऊन बसलात. आता तोंड कशाला चालवता!"

रखमाजीनं तोंड फिरवलं. तो वाईट माणूस नव्हता. टाळ्या वाजवलेल्या माणसाला टाळी मागं घेता येत नाही, त्यातली गत.

रागिणी ह्या सगळ्यात शाळेत जातच होती. शेवटच्या बाकावर बसायची. हजेरीत तिच्या नावापुढं कोणी खूण करत नव्हतं, कारण हेडमास्तरांनी नावावर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. निर्मलाबाई नावं वाचताना तिच्या नावाशी आल्या की खालच्या नावावर उडी मारायच्या. हे तिनं आईला सांगितलं नाही. चांगुणाबाईला ते माळावर भेटलेल्या तांड्यावरच्या मिनाकडून कळलं. मिनाच्या नावावरही तसलीच रेघ होती.

शनिवारी पहाटे ती चौथी मेंढी मेली.

उजाडल्या उजाडल्या चांगुणाबाईनं तिला बाभळीखाली ओढलं. रोग काय आहे ते बघितलं पाहिजे, नाहीतर कळपाच्या कळप जायचा. रखमाजीनं कातडं सोडवलं, चांगुणाबाईनं सुरीनं पोट उघडलं. आतून पाणीच पाणी. तिनं दोन्ही हात घालून काळीज बाहेर काढलं. एरवी मऊ, तांबूस. हे टणक झालेलं, कडा जाड. तिनं सुरीचं टोक लावलं तर आतल्या नळ्यांतून चिंचेच्या पानासारखे चपटे किडे वळवळत बाहेर आले.

"तळ्याच्या गवतातनं येतात ते," रागिणी शेजारी उकिडवी बसून म्हणाली. "गोगलगायीतून गवतावर, गवतावरून मेंढराच्या पोटात, तिथून काळजात. निर्मलाबाईनं सांगितलं व्हतं. म्हणून मी बाला म्हणत व्हते, माळावर न्या."

रखमाजी पोरीकडं बघत राहिला. ही गोष्ट त्यानं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिली होती.

"हे कोणी शिकवलं?" चांगुणाबाईनं मुद्दाम विचारलं. "मशीननं?"

रखमाजीनं कातडं गुंडाळून बाजूला ठेवलं.

चांगुणाबाईनं काळीज पित्ताच्या पिशवीसकट घमेल्यात ठेवलं. शेजारी दिल ठेवलं. वर पळसाची पानं झाकली. हात धुतले, नवं लुगडं नेसली, कागद कमरेला खोचला अन् घमेलं डोक्यावर घेतलं.

"कुठं चाललीस?" रखमाजी ओरडला.

"अंगठा द्यायला."

ह्या वेळेस तिनं चपला काढल्या नाहीत. शिपाई "बाई, बाई" करत मागं आला तोवर ती संगणकाच्या खोलीत पोचली होती. हरिचंद रिकाम्या पडद्यापुढं बसला होता, लाईट नव्हती. तिनं घमेलं टेबलावर ठेवलं अन् पानं बाजूला केली. हरिचंद खुर्चीसकट मागं सरकला.

"ह्येच्यातलं काळीज कोणतं हाये ते इचारा तुमच्या मशीनला."

"आत्ता लाईट नाही, मावशी."

"लाईट नसली की तुमच्या मास्तरला काई येत न्हाई का? बरं, तुमी सांगा. तुमी कधी मटण खाल्लं असंलच."

हरिचंदनं नाकाला रुमाल लावला अन् बोट केलं. "हे... मोठं. हे काळीज."

"अन् त्याला चिटकून हे हिरवं?"

"पित्त."

"हे दुसरं बारकं कोणतं?"

"दिल. म्हणजे हृदय."

"मंग लेकरानं दुसरं काय सांगितलं व्हतं रं?" 'तुमी' वरून ती 'रं' वर कधी आली, तिला कळलंही नाही. "माझी पोर काळीज म्हणली तवा तू टाइप करून राहिला व्हतास. तुला ठाऊक व्हतं. तू काहून बोलला न्हाईस?"

"मावशी, त्यात काळीज म्हणजे हृदय असंच भरलंय शहरातून. मला बदलता येत नाही. मी फक्त..." तो थांबला.

खिडकीला पोरांची गर्दी झाली होती. रागिणीही होती त्यात, दप्तर छातीशी धरून. माणिकराव धावतपळत आले.

"हा काय प्रकार आहे! शाळा आहे का खाटकाचं दुकान? उचला ही घाण!"

"घाण न्हाई सर, धडा हाये. यकृत." चांगुणाबाईनं तो शब्द तीन दिवस घोकून पाठ केला होता, तो बरोबर उच्चारला. "आता ह्या तुमच्या मानसानं बी काळीज ओळखलं. मशीनचा मार्क दुरुस्त करा."

"मार्क दुरुस्त होत नसतो! यादी वर गेलीय. अन् काळीज-काळीज काय लावलंय? मला शंभर टक्के निकाल द्यायचाय वर! कच्ची पोरं आत ठेवली तर निकाल माझा पडतो, तुमचा नाही!"

खिडकीतली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. माणिकरावांनाही आपण काय बोलून गेलो ते उशिरा उमगलं असावं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं अन् परत लावलं.

"असं म्हणा की मंग," चांगुणाबाई म्हणाली. "काळजाचं नावच कशाला काढलं? उगाच पोरीला वाटत राह्यलं, आपलंच चुकलं."

तिनं कमरेचा कागद काढून टेबलावर पसरला. निर्मलाबाई गर्दीतून आत आल्या होत्या. घमेल्याकडं बघत होत्या.

"बाई, अंगठा द्यायच्या आधी एकदा वाचा. कशावर देऊन राहिले ते तरी कळू द्या."

निर्मलाबाईंनी कागद उचलला. आवाज बारीक होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "मी स्वखुशीने माझ्या पाल्याचे नाव शाळेतून काढून घेत आहे."

"स्वखुशीनं म्हंजी?"

"म्हणजे... स्वतःच्या मर्जीनं. आनंदानं."

"आनंदानं!" चांगुणाबाईला हसावं का रडावं कळेना. "माझ्या लेकराच्या नावावर रेघ मारली, चार दिवस पोरीची हजेरी घेतली न्हाई, अन् वर लिवलंय आनंदानं! बाई, तिथंच पेनानं लिवा. न्हाई म्हणून लिवा."

"निर्मलाबाई," माणिकराव दाबून म्हणाले, "कागदाला हात लावू नका. तुमचा हुकूम मार्चमध्ये येतो, लक्षात आहे ना?"

निर्मलाबाईंनी खिडकीकडं बघितलं, रागिणीकडं. मग हरिचंदच्या खिशातलं पेन काढलं अन् 'स्वखुशीने' च्या पुढं एक शब्द लिहिला. लिहिताना कागद थोडा फाटला.

"वाचा."

"मी स्वखुशीने नाही."

"पुढचं?"

"पुढचं वाचायची गरज नाही, चांगुणाबाई," निर्मलाबाई म्हणाल्या. "अन् यकृत म्हणजे काळीज, हे मीच शिकवलं होतं. ते बरोबर आहे. मी त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं."

चांगुणाबाईनं टेबलावरचं शाईचं पॅड ओढलं, अंगठा दाबून शाईत बुडवला अन् त्या शब्दाच्या खाली उमटवला. रखमाजीचा अंगठा शेजारीच होता, फिकट, घाईत दिलेला. तिचा ठसठशीत उमटला. कागद तिनं माणिकरावांच्या हातात दिला, घमेल्यावर पानं झाकली अन् निघाली. जाताना पुसलेल्या फरशीवर चिखलाच्या चपलांचे ठसे उमटत गेले. कोणी अडवलं नाही.

फाटकाशी रखमाजी उभा होता. मेंढरं मिनाच्या बापाकडं सोपवून तो मागोमाग पळत आला होता. धाप लागली होती.

"दिला का अंगठा?" त्यानं विचारलं.

"दिला."

त्याची मान खाली गेली. इतके दिवस तोच मागत होता, अन् आता ऐकवेना.

"मान काहून खाली घालता? उभे राहा जरा. ऐका."

आत घंटा झाली होती. निर्मलाबाई वर्गात गेल्या होत्या अन् हजेरी चालू झाली होती. नावं एकेक करून बाहेर ऐकू येत होती, पोरं पुटपुटत उत्तर देत होती. मग निर्मलाबाई क्षणभर थांबल्या. खोडरबरानं कागद घासल्याचा आवाज एवढ्या लांब येणं शक्य नव्हतं, पण चांगुणाबाई पुढं कायम सांगायची की तो तिनं ऐकला.

"रागिणी रखमाजी."

"हजर, बाई!"

पोरगी एवढ्या मोठ्यानं ओरडली की फाटकावरचे कावळे उडाले.